डब्याच्या पायरीवर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमिरातीच्या वाळवंटात सहलीला जाणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे आमच्या ओळखीच्या प्रत्येकाने आम्हाला फोन करून सांगितलं. कोणी आडून, कोणी तोंडावर. मला राग आला नाही, कारण मीही तेच म्हणत होते. पंचेचाळीस डिग्रीत शहाणी माणसं पडदे ओढून एसीत झोपतात. आम्ही गाडीमागे डबा जोडून, कुत्र्याला घेऊन, चार दिवस वाळवंटातली पार्कं बघायला निघालो होतो. पण ती आमच्या मुलीची अट होती, आणि नाही म्हणायला आम्हाला तोंड उरलं नव्हतं.

त्याचं असं झालं. नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं, नवं काही मिळेना, आणि जूनच्या मध्याला गाशा गुंडाळून पुण्याला परतायचं ठरलं. मुलीची दहावी झाली होती, अकरावीला तिकडेच प्रवेश घ्यायचा होता. सगळं जुळत होतं, कुत्रा सोडून. उन्हाळ्यात विमानकंपन्या कुत्र्यांना सामानाच्या कप्प्यात घेत नाहीत, उकाड्याने जिवाला धोका म्हणून. ऑक्टोबर उजाडेपर्यंत दार बंद. बरं, मागाहून आणवून घ्यावा तर तीही सोय नाही. परदेशातून घर हलवणाऱ्या माणसाबरोबरच कुत्रं भारतात आणता येतं, पार्सलसारखं नंतर मागवता येत नाही, असं प्राणी पाठवणाऱ्या एजंटने आम्हाला दोनदा समजावून सांगितलं.

"ममा कॅन स्टे," मुलगी जेवताना म्हणाली. "टिल ऑक्टोबर. यू हॅव युअर ओन व्हिसा."

तेही खरं होतं. मी तिथल्याच एका शाळेत सायन्सच्या लॅबमध्ये काम करायचे आणि माझा व्हिसा शाळेचा होता, नवऱ्याचा नव्हे. राजीनामा दिला होता, पण नोटीस अजून संपली नव्हती. तरी मी ताडकन म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझी अकरावी, बाबांची नोकरीची शोधाशोध, आणि मी इकडे चार महिने कुत्र्याचे पाय दाबत बसू? लोक शेण घालतील तोंडात."

"फाइन," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी त्या एका शब्दावरच बोलत होती.

मग नवऱ्याने एक माणूस शोधून काढला. अल ऐनच्या अलीकडे, हायवेपासून आत, एका अरबाचं शेत होतं. ते सांभाळणारा माणूस साताऱ्याकडचा, वीसेक वर्षं तिथेच असलेला. नवऱ्याच्या साइटवर तो कधीकाळी खजूर विकायला यायचा, त्यातून ओळख. त्याच्याकडे शेळ्या होत्या, पाण्याचा हौद होता, झाडांची सावली होती आणि आधीचे दोन कुत्रेही होते. "द्या की माझ्याकडं, दोन हायती तिथं तीन," तो फोनवर म्हणाला. त्याला शेतावर सामान ठेवायला खोली हवी होती, म्हणून आमचा डबाही त्यालाच द्यायचं ठरलं. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती कुत्र्यापाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "वन लास्ट ट्रिप. विथ हिम. इन द बॉक्स." अशी ती अट.

आता डबा म्हणजे काय ते सांगते. लोकांकडे असते तसली फोल्डिंगची टेबलं, पडदे, बाथरूम वगैरे असलेली कॅराव्हॅन ती नव्हे. अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये रत्नागिरीचा एक वेल्डर होता, त्याने उरलेल्या पॅनेलांचा हा डबा चार वर्षांपूर्वी आम्हाला बांधून दिला होता. दोन चाकं, तीन बाक, एक खिडकी, खिडकीत एसी आणि मागे दाराशी लोखंडी पायरी. एसी चालवायला एक जनरेटर, जो सुरू झाला की आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू येत नसे. नवरा त्याला कॅराव्हॅन म्हणायचा, मुलगी बॉक्स, मी डबा. हिवाळ्यात शुक्रवार-शनिवार आम्ही त्यात काढायचो. त्या पायरीवर कुत्रा बसायचा. आम्ही कुठेही गेलो, वाळूत फिरायला, लाकडं आणायला, की हा पायरीवर. डबा आहे म्हणजे माणसं येणार, असा त्याचा हिशेब असावा.

कुत्रा मुसाफातल्या एका गॅरेजमागे सापडला होता, टायरच्या आत बसलेला, वाळूच्याच रंगाचा. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. मी साफ नाही म्हटलं होतं. माझ्या माहेरी कुत्रं अंगणापलीकडे आलं की माझी आई काठी आपटायची, मी तिचीच लेक. पण मुलीने पिल्लू फ्रॉकमध्ये धरलं होतं आणि नवरा आकाशाकडे बघत उभा होता, म्हणजे त्याने आधीच हो म्हटलं होतं. नावं तीन पडली. मुलीने एक इंग्रजी ठेवलं, नवऱ्याने एक भारदस्त, मी एक साधं. एकही टिकलं नाही. त्याने आपल्यासाठी एकच हाक निवडली. मी नवऱ्याला "अहो" म्हणून हाक मारते, आमच्याकडे तीच रीत. मी स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं की दोघं मान वर करायचे आणि उठून यायचा तो कुत्रा. नवरा म्हणायचा, "बघ, तुझं ऐकणारा शेवटी कोणीतरी मिळाला."

दुसरी गोष्ट त्याने माझ्याकडून उचलली ती निघण्याची. पहिल्या महिन्यात आम्ही घराबाहेर पडलो की तो असा भेसूर रडायचा की वरच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई खाली यायची. मुलगी "बाय" म्हणायची, त्याचा उपयोग शून्य. नवरा "चला" म्हणायचा, त्यावर तो आनंदाने उठून गाडीशी जाऊन उभा राहायचा. मी मात्र शाळेला निघताना रोज चप्पल घालता घालता म्हणायचे, "येते रे." त्याच्यासाठी म्हणून नव्हे, सवयीने. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, हे आईने इतकं लहानपणी शिकवलं की रिकाम्या घरालाही मी "येते" म्हणून कुलूप लावते. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ही बाई हे म्हणते आणि दुपारी खरंच येते. मग "येते" ऐकलं की तो पुढचे पंजे लांब करून दाराशी बसायचा, हनुवटी खाली टेकवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पाच वर्षांत एकदाही रडला नाही.

निघायच्या आधी आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शनं पुरी करायला. डॉक्टर म्हणाले, "सोडताना निरोपबिरोप घेऊ नका. मिठ्या मारल्या, रडलात, की तो घाबरतो. त्याला खाण्यात गुंतवा आणि मुकाट्याने निघून या." मी मान हलवली. मुकाट्याने हे माझ्या स्वभावात नाही, पण ठरवलं.

पहिल्या दिवशी पहाटे चारला निघालो, ऊन चढायच्या आत अल कुद्राच्या तळ्यांपाशी पोचायचं म्हणून. पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि हवा पाठीवर ओला टॉवेल टाकल्यासारखी होती. तिथे डबा रिव्हर्स लावायचा कार्यक्रम झाला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे माझ्या नवऱ्याला तोंडपाठ आहे आणि हाताला ठाऊक नाही. मी मागे उभी राहून ओरडत होते, "या, या, या, डावीकडे, अहो डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या!" कुत्रा प्रत्येक "अहो"ला खिडकीतून डोकं काढत होता. शेवटी डबा तिरका लागला तो तिरकाच ठेवला. स्टोव्हवर पोहे केले. तळ्यावर पक्षी होते, लांबवर पांढरी हरणं चालली होती आणि आमच्याशिवाय एकही माणूस नव्हता. मुलगी कुत्र्याशेजारी वाळूत बसली. चांगलं वाटत होतं. चांगलं वाटतंय याचा रागही येत होता.

आठ वाजता वाळूला हात लावून बघितला. हाताची मागची बाजू टेकवायची आणि पाच आकडे मोजायचे. हात टिकला नाही तर कुत्र्याला खाली सोडायचं नाही. मी तीनवर हात उचलला. मुलीने त्याच्यासाठी बूट आणले होते, चारी पायांना रबरी. ते घातल्यावर तो लग्नात नवी चप्पल चावलेल्या पाहुण्यासारखा एकेक पाय उचलत चालायला लागला. आठवड्यात पहिल्यांदा आम्ही तिघंही हसलो. मग एसी लावून डब्यात पडून राहिलो. दुपारभर मुलगी बाकावर, कुत्रा खाली ओल्या चादरीवर, आणि तिचा हात त्याच्या कानावर.

दुसऱ्या दिवशी मलीहाकडे, शारजाच्या बाजूला. तिथली वाळू लाल आहे, विटेच्या चुऱ्यासारखी. बघायच्या जागेच्या फाटकावर बोर्ड होता, कुत्र्याचं चित्र आणि त्यावर लाल आडवी रेघ. हे आम्हाला नवीन नव्हतं. चार वर्षांत आम्ही अशी पार्कं अर्धी अर्धीच बघितली होती. दोघांनी आत जायचं, एकाने कुत्र्यापाशी बसायचं, मग पाळी बदलायची. पण उन्हाळ्यात बाहेर बसायला सावली तरी कुठे? फाटकावरचा गार्ड पेशावरकडचा होता, पिकलेली दाढी. तो म्हणाला, "मॅडम, कुत्ता अंदर नहीं." मग आमच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "यल्ला, आप लोग देख के आओ, इसको मेरे केबिन में एसी में बिठाता हूँ." मुलगी म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू सी इट." आणि ती कुत्र्याबरोबर केबिनमध्येच बसली. आम्ही दोघं आत गेलो, दगड बघितले. परत आलो तर गार्डने आपल्या जेवणाच्या डब्यातली अर्धी रोटी कुत्र्याला दिली होती आणि हात धूत होता.

त्याच दुपारी जनरेटर बंद पडला. बारा वाजता. डबा दहा मिनिटांत तापला. आम्ही सगळे पळत गाडीत बसलो, इंजिन चालू, एसी फुल. कुत्र्याची जीभ हातभर बाहेर आलेली. नवरा एरवी त्याला गाडीच्या पुढच्या सीटवर पाय ठेवू देत नसे, सीटला केस लागतात म्हणून. त्या दिवशी त्याने त्याला स्वतःच्या मांडीवर घेतलं, नॅपकिन पाण्यात भिजवून त्याचे चारही पंजे, पोट, कानांच्या आतला भाग असं एकेक करून पुसत राहिला. अर्धा तास. मी बघत होते. शेवटी म्हणाला, "मी काय मुद्दाम करतोय का हे?" आम्ही कोणी त्याला तसं म्हटलं नव्हतं. मागून मुलगी म्हणाली, "नोबडी सेड दॅट, बाबा." मग त्याने डोळे पुसले, त्याच नॅपकिनने, आणि मी म्हटलं, "अहो, शी! त्याचे पाय पुसलेत त्याने." तर नवऱ्याने आणि कुत्र्याने, दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी जनरेटर पहिल्या प्रयत्नात सुरू झाला. काय बिघडलं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

तिसरा दिवस अल ऐनला, हफीतच्या डोंगरापायथ्याशी. तिथल्या पार्कात आम्ही गेलोच नाही. बोर्ड बघितला आणि फाटकाबाहेर, जिथे थांबायला हरकत नव्हती तिथे डोंगराच्या सावलीत डबा लावला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वाळू पाच आकड्यांपर्यंत टिकली. मी मोठ्याने म्हटलं, "पाच!" आणि मुलीने बूट काढून त्याला सोडलं. तो जो धावला! कान मागे, शेपटी आडवी, नुसता गोल गोल. मग येऊन पायरीवर धपकन बसला. मी मूगडाळीची खिचडी केली होती. पहिला घास पानाच्या कडेला काढून ठेवायची आमच्याकडे रीत आहे, मुक्या जिवासाठी. परदेशात गाय कुठली, कावळाही लवकर मिळत नाही, म्हणून पाच वर्षं तो घास हाच खात होता. त्या दिवशी मी चार घास काढले.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या आत शेतावर पोचलो.

जागा चांगली होती, हे मला कबूल करायलाच हवं. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून परत तरी आले असते. खजुराच्या झाडांच्या रांगा, खाली ओली माती, हौदात पाणी पडत होतं. साताऱ्याचा माणूस लुंगी वर खोचून पुढे आला. वय साठीला टेकलेलं, हात खडबडीत. "या ताई, या सायेब," म्हणाला. त्याने आधीच एक खाट सावलीत टाकून ठेवली होती आणि खाटेखाली नवं घमेलं, पाणी भरून. त्याचे दोन कुत्रे लांब बसून होते, भुंकले नाहीत. डबा झाडाखाली लावला, या वेळी पहिल्या झटक्यात सरळ. आमचा कुत्रा सगळीकडे वास घेत फिरला, शेळ्यांना घाबरला, मग येऊन नेहमीप्रमाणे पायरीवर बसला.

चहा झाला. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं: औषधं, बूट, पाच आकडे, दहीभात. तो माणूस मान हलवत होता. "ताई, काय बी काळजी करू नगा. लेकरावाणी सांभाळतो." नवऱ्याने गाडीपासून डबा सोडवला. मुलगी कुत्र्यापाशी गेली, वाकली, त्याच्या डोक्यावर डोकं टेकवलं आणि सरळ गाडीत जाऊन बसली. रडली नाही. ठरल्याप्रमाणे मी त्याच्यापुढे खिचडीची थाळी ठेवली, तो खायला लागला, आणि मी वळले. काही बोलायचं नाही. मुकाट्याने. आठ-दहा पावलं गेले असेन.

"बरं, या मग ताई," तो माणूस मागून म्हणाला. निघणाऱ्याला आपल्याकडे "जा" म्हणत नाहीत, त्याप्रमाणे.

आणि माझ्या तोंडून गेलं, "येते हं."

मी त्या माणसाला म्हणाले होते. पन्नास वर्षांची जीभ, तिला डॉक्टरांचं काय? पण थाळीचा आवाज थांबला. मी वळून बघितलं. कुत्र्याने खिचडी अर्धी टाकली होती. त्याने पुढचे पंजे पायरीवर लांब केले, हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

मी गाडीत बसले. नवऱ्याने गाडी काढली.

मागे डबा नसल्यामुळे गाडी हलकी पळत होती. चार दिवस ऐंशीवर चालवणारा नवरा एकशेवीसवर होता. अर्ध्या तासाने तो पेट्रोलला थांबला, खाली उतरून करक चहाचे तीन कागदी कप घेऊन आला. मी घोट घेतला आणि म्हटलं, "अहो, किती साखर ही!"

मागच्या सीटवर कोणी मान वर केली नाही.

मी कप तसाच धरून बसले. मग मुलगी बोलली. आमची मुलगी इथेच वाढली, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, यात तिचं बालपण गेलं. ती अगदी हळू म्हणाली, "आई, तू त्याला येते म्हणालीस."

आरोप नव्हता. तिला फक्त ते माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं. तो दुपारपर्यंत पायरीवर बसेल. दुपारी मी यायची वेळ होईल तेव्हा कान टवकारेल. मग संध्याकाळ होईल. मला हे सगळं डोळ्यांपुढे दिसलं आणि मी रडायला लागले, पेट्रोलपंपावर, सगळ्यांदेखत, चहा सांडवत. "वळवा गाडी," मी म्हटलं.

"आणि मग पुढे?" नवरा म्हणाला. त्याने हात स्टिअरिंगवरच ठेवले होते.

"मी राहते. ऑक्टोबरपर्यंत."

"तुझा राजीनामा?"

"मागे घेते. मुख्याध्यापिका बाईंना अजून माणूस मिळालेला नाही. पाया पडेन त्यांच्या."

"चार महिने एकटी राहशील?"

"एकटी कशाने? तो आहे ना."

"अगं, मग हे आधी का नाही म्हणालीस? तिने सांगितलं तेव्हा तर अंगावर धावलीस."

"तेव्हा मी त्याला शब्द दिला नव्हता," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या हातातला चहाचा कप होल्डरमध्ये ठेवला आणि पंपाच्या दुसऱ्या फाटकाने गाडी बाहेर काढली. मुलगी मागून पुढे झुकली आणि तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

शेतावर पोचलो तेव्हा साताऱ्याचा माणूस हौदावर हातपाय धूत होता. मला बघून त्याला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. मी काहीतरी सांगायला गेले, माफी मागायला, त्याची खाट, त्याचं नवं घमेलं. तो म्हणाला, "आवो, तुमी येते म्हणून गेला न्हवं? त्यानं घास न्हाई उचलला बगा तवापासनं. मी बी म्हटलं, बस. ताई म्हणल्यात म्हंजी येनार." डबा तुम्हीच ठेवा म्हटल्यावर तो लाजला आणि त्याने घमेलं जबरदस्तीने आमच्या डिकीत टाकलं.

कुत्रा पायरीवर होता. मी समोर उभी राहिले तेव्हा त्याने एक डोळा उघडला. शेपटी दोनदा आपटली. मग आळस दिला, उरलेली खिचडी सावकाश संपवली आणि चालत जाऊन गाडीत बसला. उड्या नाहीत, चाटणं नाही. मला काय वाटलं होतं कोण जाणे, की तो धावत येईल, मला माफ करेल. त्याच्या लेखी माफ करण्यासारखं काही झालंच नव्हतं. मी शाळेतून आले होते, एवढंच.

जूनमध्ये ते दोघं पुण्याला गेले. मी आम्ही राहायचो त्याच वस्तीत मागच्या आवारातली एक खोली घेतली. त्या चार महिन्यांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. पहाटे फिरवणं, शाळा, संध्याकाळी मुलीचा फोन. नणंद म्हणाली, "कुत्र्यापायी नवऱ्याला वाऱ्यावर सोडलंस, धन्य आहे बाई तुझी." मी म्हटलं, "नवऱ्याला इडली करता येते, कुत्र्याला येत नाही." आपली सारवासारव. मुलीची अकरावीची पहिली चाचणी मी चुकवली. तिला ताप आला तेव्हा मी तिथे नव्हते. ते मला अजून लागतं, आणि ते मी लपवत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला हवा निवळली. विमानतळाच्या कार्गोत त्याचा पिंजरा टेबलावर ठेवला होता, कागदांवर शिक्के झाले होते. मला प्रवाशांच्या बाजूने जायचं होतं, त्याला सामानाच्या. आजूबाजूला तीन-चार पिंजरे होते आणि त्यातली कुत्री जिवाच्या आकांताने ओरडत होती. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, बाय बोल दो, खलास, अब लेके जाना है."

मी वाकले आणि जाळीतून बोटं आत घातली.

"येते हं," मी म्हटलं.

त्याने पुढचे पंजे लांब केले, हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.